बँक सोडण्याची माझी घोषणा

आमची बँक लहान होती. जुन्या पनवेलच्या बाजारात, कापडाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर. जिना इतका अरुंद, की वरून कुणी पैसे काढून येत असेल तर खाली पैसे भरायला आलेल्याने थांबायचं, असा अलिखित नियम होता. माझ्या खात्याचा नंबर माझ्या चपलेच्या नंबराइतका सुटसुटीत होता. वर गेल्यावर शिपाईच विचारायचा, "काढायचेत की भरायचेत?" आणि उत्तर द्यायच्या आधी माझ्या चेहऱ्याकडे बघून काढायची स्लिप पुढे करायचा.

ही बँक एका मोठ्या शहरातल्या मोठ्या सहकारी बँकेत विलीन झाली. रातोरात पाटी बदलली, काउंटरला काच आली, खात्याचा नंबर इतका लांब झाला की तो पाठ करायला सूर लावावा लागेल. शिपायाची बदली झाली. त्याच्या जागी एक उभं यंत्र आलं. ते टोकन देतं, पण काढायचेत की भरायचेत हे आपल्यालाच ठरवावं लागतं. मोबाइलवरच्या त्यांच्या ॲपने माझा अंगठा ओळखायला साफ नकार दिला. मी दोन्ही हातांचे दाखवून पाहिले. पायांपर्यंत गेलो नाही, एवढंच.

मी चिडलो. चिडायला मला मुळात फार लागत नाही. तालुक्याच्या एका कचेरीत जन्मभर कारकुनी केल्यावर माणूस निवृत्तीनंतर थोडा चिडायचा हक्क राखून असतो. त्यात आम्ही आता राहतो रोडपालीला, आणि आमच्या इमारतीच्या खालीच एका दुसऱ्या बँकेची नवीकोरी शाखा उघडली होती. मी सहज डोकावलो तर आतली मुलगी उठून उभी राहिली, "या ना सर" म्हणाली आणि कॉफी विचारली. मला बँकेत कुणी कॉफी विचारलेली ही पहिलीच वेळ. कॉफी बेताचीच होती, पण अर्ज घेऊन मी वर आलो तो निर्णय घेऊनच.

"बँक सोडतोय," मी हिला सांगितलं.

ही शाळेत शिक्षिका होती. तिने इतक्या मुलांची इतकी कारणं ऐकली आहेत की माझ्या घोषणेला ती मान वर करत नाही. भाजी निवडत म्हणाली, "व्याज जास्त देतात?"

"व्याजाचा प्रश्न नाही. मानाचा आहे."

"मग सावकाश करा. मान कुठे जात नाही."

दुसऱ्या दिवशी मी ही घोषणा पनवेलच्याच उरण नाक्याजवळ, माझ्या शाळेपासूनच्या दोस्ताच्या दुकानात नेली. दोस्त कोकणी मुसलमान, घराणं पिढ्यान्‌पिढ्या व्यापारातलं. दोघे भाऊ आखातात गेले, हा दुकानात राहिला. दुकान मासेमारीच्या सामानाचं: नायलॉनची जाळी, दोर, जाळं तरंगवायचे बोये, बुडवायचं शिसं. उरणच्या मोरा बंदरापर्यंतचे बोटमालक नाखवे त्याच्याकडे येतात. मी त्याला शेठ म्हणतो. तो मला साहेब म्हणतो, कारण कचेरीत मी साहेब सोडून सगळं होतो.

"काय साहेब, आज कुणावर?" माझा चेहरा बघून त्याने विचारलं.

"बँक सोडतोय."

"चहा घेऊन सोडशील की आधी सोडून मग घेशील?"

चहा आला. समोर मोऱ्याचा एक नाखवा बसला होता, वयाने आमच्याच बरोबरीचा. त्याच्यासाठी दोस्त दोराचं भेंडोळं सोडून हाताने मापत होता. मला आयता श्रोता मिळाला. मी सुरू केलं. म्हटलं, आपल्याला विकलंय, शेठ. बँक आपली, भाग आपले, आणि सभासदांना न विचारता यांनी लिलाव केला.

"विचारलं ना," दोस्त म्हणाला. "सभा झाली."

"कसली सभा! मी विरोधाचं भाषण लिहून नेलं होतं. चांगले चार कागद. मी कुपनं घ्यायला मागे गेलो, तेवढ्यात गुपचूप ठराव उरकून टाकला."

"गुपचूप नाय. सूचक होता, अनुमोदक होता. कायदेशीर झालं सगळं."

"कोण तो अनुमोदक? त्याला एकदा बघायचंय मला."

दोस्ताने दोर मापणं थांबवलं. "आरसा आत बेसिनवर आहे. जा, बघून ये."

नाखवा आधी हसला आणि मग त्याने विचारलं, "काय झाला?" या क्रमाचं मला वाईट वाटलं.

इथे आमच्या बँकेच्या सभेबद्दल सांगायला हवं. दरवर्षी पावसाळ्यानंतर सभासदांची सभा भरायची. वडे असायचे, आणि जाताना प्रत्येक सभासदाला भेटवस्तू: एका वर्षी स्टीलचा डबा, एका वर्षी भिंतीवरचं घड्याळ, एका वर्षी छत्री. आमच्या घरातली अर्धी भांडी अशी ठरावांतून आलेली आहेत. व्यासपीठावरून एकेक विषय वाचला जायचा, खालून "मंजूर, मंजूर" असा गजर व्हायचा. कागदोपत्री मात्र प्रत्येक ठरावाला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. सूचक संचालकांचा कुणी पाहुणा असायचा. अनुमोदक मी. माझा आवाज मोठा, आणि मी बसायचो मधल्या वाटेच्या कडेला, वड्यांच्या दिशेने. अध्यक्ष वाचून थांबले की नजर माझ्याकडे वळायची. मी उठायचो, "माझं अनुमोदन आहे" म्हणायचो, बसायचो. हिशेबतपासनिसांची नेमणूक असो की मागच्या सभेचं इतिवृत्त, वर्षानुवर्षं माझंच अनुमोदन. मला तो एक प्रकारचा हुद्दा वाटायचा.

विलीनीकरणाच्या खास सभेला मी खरोखरच विरोध करायला गेलो होतो. पण कुपनांची रांग मागे सुरू झाली, आणि भेटवस्तू या वर्षी जेवणाचा मोठा थर्मास आहे अशी कुणकुण होती. मी मागे गेलो. कुपन घेऊन येतो तर अध्यक्ष वाचून थांबलेले, सभा शांत, आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे. थांबलेल्या अध्यक्षांसमोर काय करायचं हे माझ्या पायांना पाठ होतं. मी उभ्या-उभ्याच, कुपन हातात धरून, अनुमोदन देऊन टाकलं. मला वाटलं, तपासनिसांची नेमणूक असेल. टाळ्या जरा जास्त वाजल्या, पण त्या मी थर्मासच्या खात्यावर टाकल्या. मग जागेवर बसून खिशातले चार कागद सारखे केले आणि मुख्य विषय कधी येतो याची वाट बघत राहिलो. तेवढ्यात राष्ट्रगीत झालं.

"तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी दोस्ताला विचारलं.

"मला वाटलं, फिरलास. माणूस फिरतो. थर्मास पण चांगला होता."

नाखव्याला या सगळ्यात रस नव्हता. त्याने दोर खांद्यावर टाकला आणि विचारलं, "शेट, जाली कवा येतील? बंदी उठाच्या आधी पायजेत. नाय तर बोट काय बंदरान बसून राहील."

"येतील. बँकेचं काम झालं की माल सुटतो."

"आमी ते बँकेचा कायपन समजत नाय. आमची बँक म्हंजे तुमी हाय." नाखव्याने हात जोडल्यासारखं केलं आणि गेला.

तो जे म्हणाला ते पनवेल-उरणच्या बंदरांत सगळ्यांना ठाऊक आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत बोटींची डागडुजी होते, नवीन जाळी विकत घेतली जातात. नाखव्यांच्या हातात तेव्हा पैसे नसतात. दोस्त त्यांना उधारीवर माल देतो, बोटी समुद्रात गेल्या, मासळी आली, की दिवाळीपर्यंत पैसे येतात. मधल्या काळात दोस्ताचं दुकान चालतं ते बँकेच्या कर्जमर्यादेवर, जी दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला नवी करून घ्यावी लागते. जुन्या बँकेत हे मॅनेजरच्या टेबलावर चहा संपेपर्यंत व्हायचं. ही मर्यादा वेळेत नवी झाली नाही तर जाळी येत नाहीत, जाळी आली नाहीत तर मोऱ्याचे नाखवे दुसरं दुकान शोधतात, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत येईलच असं नाही.

हे सगळं मला माहीत होतं. तरी चहा संपवून, अनुमोदनाचा अपमान बरोबर घेऊन, मी तडक बँकेत गेलो आणि खातं बंद करायचंय म्हणून सांगितलं.

नवा मॅनेजर तरुण होता, सांगलीकडून बदलून आलेला. त्याने संगणकात माझं नाव घातलं, थोडा वेळ वाचलं आणि म्हणाला, "सर, खातं बंद करता येईल. पण तुम्ही सभासदत्वाचे भागही परत करणार का?"

"सगळं परत करणार. थर्मास सोडून."

तो हसला नाही. सांगलीला अजून थर्मासची गोष्ट पोचली नसावी. "तुम्ही एका खात्याला जामीन आहात, सर. जामीनदार आमच्याकडे सभासद असावा लागतो. तुम्ही सभासदत्व सोडलंत तर त्यांना दुसरा जामीनदार आणावा लागेल. आता मंजुरी इथे होत नाही, हेड ऑफिसला जाते. दुसऱ्या जामीनदाराचे कागद, मग परत छाननी... त्यांचं प्रकरण तुमच्याच नावावर आत्ताच तिथे गेलंय."

आता इथे कुणालाही वाटेल की मी दचकलो. मी दचकलो नाही. आधी मला आठवावं लागलं. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला दोस्त मला चहाला बोलवायचा, मग बँकेत न्यायचा, मी तीन ठिकाणी सही करायचो आणि आम्ही खाली येऊन भजी खायचो. माझ्या लेखी तो भज्यांचा कार्यक्रम होता.

मी खातं बंद करायचा अर्ज तसाच खिशात घालून परत दुकानात आलो. दुकानात कुणी नव्हतं.

"जामिनाचं मला का नाही सांगितलंस?"

"तू कुठे विचारलंस? तू भाषण करत होतास."

"शेठ, मस्करी नको. मी खातं बंद केलं असतं तर?"

त्याने फडकं हातात घेतलं. मग म्हणाला, "तर केलं असतंस. बँक तुझी, सही तुझी. मी काय सांगू, थांब म्हणून? उद्या तुला तिकडे काही फायदा दिसला, तर मनात येईल की याच्यापायी अडकलो. इतक्या वर्षांत तुला कधी थांब म्हटलेलं नाय. जा असंही म्हटलेलं नाय." आणि गल्ल्यावरची धूळ फडक्याने पुसायला लागला. धूळ नव्हती.

तर मी राहायचं ठरवलं. हा माझा दुसरा निर्णय, आणि पहिल्यापेक्षा मला तो फार जास्त आवडला. रोडपालीला परत येताना रिक्षात मी स्वतःकडे जरा बाहेरून पाहिलं आणि समाधान पावलो. मैत्रीसाठी मान गिळणारा माणूस. कॉफीवर पाणी सोडणारा माणूस. घरी येऊन हिला सविस्तर सांगितलं, कॉफीचा भाग थोडा वाढवून.

ही म्हणाली, "बरं केलंत. एवढा त्याग झालाय तर आता गरम आहे तोवर जेवून घ्या."

हा त्याग मला साधारण आठवडाभर पुरला. मग मॅनेजरचा फोन आला, जामीनदाराच्या बाबतीत जरा बोलायचंय, येऊन जाल का. माझ्याबरोबर हीसुद्धा निघाली, तिला पासबुक भरून घ्यायचं होतं. वर पोचलो तर दोस्त आधीच येऊन बसलेला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, काळजी करू नको अशा अर्थाने.

मॅनेजरने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि लगेच परत स्वतःकडे घेतला, माझी लाज राखावी तसा. "सर, गैरसमज नको. पण हेड ऑफिसने जामीनदार म्हणून तुम्हाला नाकारलंय. तुमचा क्रेडिट स्कोअर फार खाली आहे."

"माझा? मी आयुष्यात कर्ज काढलेलं नाही!"

"मोबाइल घेतला होता का सर, हप्त्यांवर?"

घेतला होता. तो महिन्याभरात बिघडला. दुकानदार म्हणाला कंपनीकडे जा, कंपनी म्हणाली दुकानदाराकडे जा. मी दोघांना खरमरीत पत्रं लिहिली आणि उरलेले हप्ते भरायचे बंद केले. मग पत्रं येत राहिली, फोन येत राहिले, मी तत्त्वावर ठाम राहिलो. कालांतराने फोन थांबले. मला वाटलं मी जिंकलो.

"तेव्हाच सांगत होते, भरून टाका म्हणून," ही म्हणाली.

"तत्त्वाचा प्रश्न होता."

दोस्त मॅनेजरकडे वळला. "यांच्याकडे तत्त्वं पुष्कळ आहेत. तारण म्हणून चालतील का, विचारा हेड ऑफिसला."

मॅनेजर आता मात्र हसला. पण दोस्ताच्या हातातली किल्ली सारखी फिरत होती. दुसरा जामीनदार शोधायचा म्हणजे कुणाच्या तरी दारात जायचं, आणि गावात एका दारात गेलं की दुसऱ्या दाराला संध्याकाळपर्यंत कळतं, शेठचं बँकेत काहीतरी अडलंय. हे बाजारात पसरलं की पुढचं सांगायला नको. भाऊ बाहेर, मुलगी लग्न होऊन भिवंडीला. आणि बंदी उठायला फार दिवस नव्हते.

"माझं चालेल का?" हिने विचारलं. "मीही सभासद आहे. घड्याळ माझ्या नावावरच मिळालं होतं."

मॅनेजरने तिचं नाव घातलं. पडदा बघून त्याची भुवई वर गेली. मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेलं कर्ज तिने मुदतीआधी फेडलेलं, पेन्शन दरमहा याच शाखेत. "मॅडम, तुमचं तर उत्तम आहे."

"नको," दोस्त म्हणाला. तो उभाच राहिला. "भाभी, नको. ती तुमची पेन्शन आहे. माझा धंदा समुद्रावरचा. एखादं साल खराब जातं. यांची गोष्ट वेगळी. आम्ही दोघं एका बाकावरचे."

"बसा, भाई," ही म्हणाली. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला सांगावं तसं. दोस्त बसला. "इतकी वर्षं सही यांनी केली, ती काय यांच्या पगारावर? यांच्या पगारात आमचं दूध आणि पेपर भागायचा. घर माझ्या पगारावर चाललं, हे त्या जुन्या मॅनेजरनाही माहीत होतं. सही यांची होती, भरवसा माझ्यावर होता. आता सहीपण माझी. बदललं काय त्यात?"

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे बरंच होतं. पण मी त्या तिघांकडे पाहिलं आणि मॅनेजरचं पेन हिच्यापुढे सरकवलं. दोस्त खाली बघत होता. मग मान न उचलता म्हणाला, "दिवाळीच्या आधी मोकळं करीन तुम्हाला, भाभी."

"दिवाळीनंतर केलंत तरी चालेल. घाई करून कुणा गरिबाकडे तगादा लावू नका."

सह्या झाल्या. हिने प्रत्येक पान वाचून सही केली. त्याला इतका वेळ लागला की मला समजलं, मी एवढ्या वर्षांत एकही पान वाचलं नव्हतं. शेवटी मॅनेजर म्हणाला, आमचं जोडखातं आहे त्यात पहिलं नाव आता मॅडमचं केलेलं बरं, छाननीत सोपं जाईल. हिने मान हलवली.

"आणि सरांचं नाव? ठेवायचं की कमी करायचं?"

प्रश्न हिला विचारला होता. मी खिडकीतून बाहेर बघायला लागलो.

"दोघांपैकी कुणाच्याही सहीने चालतं ना?"

"हो, चालतं."

"मग राहू दे," ही म्हणाली.

बँक बदलायची की नाही हा माझा प्रश्न असा सुटला. मोबाइलचे हप्ते मी दुसऱ्याच दिवशी भरले, दंडासकट. बिघडलेला तो मोबाइल अजून कपाटात आहे. मागितलं होतं त्याहून कमी, पण कर्ज मंजूर झालं, आणि बंदी उठायच्या तोंडावर जाळ्यांचा टेम्पो मोऱ्याकडे गेला. दोस्ताने फोन केला तो हिला. "भाभी, माल गेला," एवढंच म्हणाला. पूर्वी असा फोन मला यायचा, आणि मी "वा, वा" म्हणून भज्यांचं विचारायचो.

आमच्याकडे मासे खात नाहीत. माझ्या आईच्या वेळी मासळीबाजार लागला की नाकाला पदर जायचा. पण नारळी पौर्णिमेनंतर, बोटी समुद्रात गेल्यावर, भाजी घेऊन यायला ही उशीर करायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, येताना मासळीबाजारातून येते. कोळणींना भाव विचारते. घेत काही नाही, त्यांनाही आता ओळखीची झाली आहे, एक जण तिला "बाई, आज पन नुसता भावच का?" म्हणते. रात्री वारा सुटला की ही उठून खिडकी उघडून बघते. रोडपालीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे दिसतात, समुद्र नाही. ती कपड्यांवरून वाऱ्याचा अंदाज घेते.

परवा पिशवी ओट्यावर ठेवत म्हणाली, "हलवा चांगला आलाय. भाव उतरलेत, म्हणजे भरपूर येतोय."

मी विचारलं, हलवा म्हणजे कुठला मासा. तिने हाताने आकार करून दाखवला, काळसर असतो म्हणाली, आणि कोथिंबीर निवडायला घेतली.